बाहुली आधी की प्लॅस्टिक आधी

जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली होती आणि तिच्या मधोमध एक खोका ठेवला होता. पंखा बंद होता, पडदे ओढलेले होते, पाण्याचे पेलेसुद्धा खिडकीच्या कट्ट्यावर हलवले होते. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर घरात कुणीतरी गेलं असावं असं त्याला वाटलं असतं. पण गेलेल्या माणसाभोवतीही कुणी इतका श्वास रोखून बसत नाही.

खोक्यात व्हिडिओ गेमची एक कॅसेट होती. म्हणजे असावी. गेल्या तीस वर्षांत ती कुणी पाहिली नव्हती, आणि कुणी पाहिली नव्हती हाच तिचा मोठा गुण होता. खोक्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवलेलं होतं. ते कारखान्यातून जसं आलं तसंच असेल तर त्या खोक्याच्या बदल्यात एक दुकान घेता येणार होतं. ते एकदा निघालेलं असेल, तर खोक्याच्या बदल्यात खोकाच.

ही कॅसेट आप्पांनी आणली होती. आप्पा खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात पॅकिंगच्या टेबलावर होते. सेलमध्ये कॅसेट स्वस्त मिळाली म्हणून त्यांनी ती धाकट्या मुलासाठी घेतली आणि ती ज्याच्यात घालून खेळायची ते मशीन पुढच्या वर्षी घेऊ म्हणाले. नाल सापडली म्हणून घोडा घेणारे लोक जगात आहेत. आप्पांनी नाल घेतली आणि घोडा पुढच्या वर्षावर ठेवला. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. कॅसेट कपाटात राहिली, धाकट्याला मिशा आल्या, त्यातल्या काही पिकल्यासुद्धा.

आता दुकानाचं. थोरल्या मुलीचं शिलाईचं दुकान भाड्याचं होतं. लग्नाआधीपासून ती तिथे मशीनवर बसत होती, नवरा गेल्यावर तर ती घरी फक्त झोपायला यायची. मालकाने दुकान विकायला काढलं आणि माणुसकी म्हणून तिला आधी विचारलं. माणुसकीची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती. त्यानंतर ते दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका इसमाला जाणार होतं. तो इसम रोज दुपारी दुकानासमोर उभा राहून भिंतींची मापं डोळ्यांनी घेत असे, आणि थोरलीने वर पाहिलं की हसून नमस्कार करत असे.

अशा वेळी धाकट्याला कपाट आवरताना कॅसेट सापडली. त्याने तिचा फोटो इंटरनेटवर टाकला, तर दुसऱ्या शहरातल्या एका छंदिष्ट माणसाने अशी किंमत सांगितली की धाकट्याने चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मग तो बहिणीकडे गेला आणि म्हणाला, "ताई, ती कॅसेट माझी होती. पण मी खेळलो कुठे? तू घे, दुकान घे." हे त्याने मनापासून म्हटलं. त्यानंतर येता-जाता, चहा पिताना, जिना उतरताना तो ते पुन्हा पुन्हा मनापासून म्हणत राहिला.

गिऱ्हाइकाची अट एकच होती. त्याचा तपासनीस येऊन खोका बघेल आणि दहापैकी गुण देईल. नऊ किंवा वर असेल तर पूर्ण पैसे. नवाच्या खाली आलं तर मग बोलू. आणि सील मूळचं नसेल तर बोलायचंही नाही.

तो तपासनीस आता टेबलाशी बसला होता. सडपातळ, मृदू आवाजाचा, डॉक्टरसारखे हातमोजे घातलेला. त्याने आल्या आल्या पडदे ओढायला लावले, कारण उन्हाने रंग उडतात. मग पंखा बंद करायला लावला, कारण धूळ. आप्पांना हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्यापेक्षा काळजी घेणारा माणूस भेटला होता.

आप्पांविषयी एक सांगायला हवं. ते वस्तू झाकत. टीव्हीचा रिमोट या घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत राहून म्हातारा झाला. सोफ्याचा खरा रंग कोणता यावर भावंडांचं अजून एकमत नव्हतं.

"म्हणजे कॅसेट चालते की नाही, ते तुम्ही बघणारच नाही?" आप्पांनी विचारलं.

"नाही काका. उघडली की संपलं."

"आत कॅसेटच नसली तर?"

"आप्पा," धाकटा दातांतून म्हणाला.

"मी आपलं विचारतो. दुकानात एकदा बॅटऱ्यांच्या खोक्यात साबण निघाला होता."

"वजनावरून कळतं, काका," तपासनीस म्हणाला आणि त्याने खोका दोन्ही तळव्यांत असा उचलला, की जणू तो झोपलेला आहे. कोपरे पाहिले. चारही धारदार. तो मान डोलावत राहिला. दर डोलावण्याबरोबर थोरलीच्या डोळ्यांसमोर दुकानाचा एकेक फूट तिच्या नावावर होत होता. शटर झालं. कपडे बदलायची खोली झाली. मग त्याने खोका उलटा केला आणि मान डोलायची थांबली.

त्याने टॉर्च लावला. भिंग काढलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक या घरात एवढी मोठी आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

"कारखान्याच्या सीलचा जोड मागच्या बाजूला मधोमध येतो," तो शेवटी म्हणाला. "आडवा. याचा कडेला आहे. हाताने केलेला आहे." त्याने खोका चादरीवर ठेवला. "हे प्लॅस्टिक कारखान्याचं नाही."

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने थोरलीकडे.

"तू उघडलास," ती म्हणाली.

"मी? आणि खेळलो कशावर, पोळपाटावर? तुझंच काम. माझी कुठली गोष्ट तू सोडलीस? माझे रंगीत खडू कुणी संपवले?"

"खडू काढायची ही वेळ आहे का?"

"मी फक्त म्हणतोय, इतिहास आहे."

"साहेब," थोरली तपासनिसाला म्हणाली, "म्हणजे आता काहीच नाही?" आवाज तिने साधा ठेवला होता, पण मांडीवरच्या ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं.

तपासनीस हातमोजे काढू लागला. अशा वेळी मोजे काढण्याची पद्धत डॉक्टरांनाही नीट साधत नाही, ती त्याला साधली होती.

"वरचं माझं आहे," आप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. आप्पा खिडकीच्या कट्ट्यावरचा पेला घेऊन शांतपणे पाणी पीत होते.

"वरचं म्हणजे?"

"वरचं प्लॅस्टिक. आतलं त्यांचं आहे, कारखान्याचं. ते फार पातळ होतं, लगेच चरे पडले असते. म्हणून दुकानात नेऊन आपलं एक वरून चढवलं. चांगलं जाड." त्यांनी पेला खाली ठेवला. "वस्तूची काळजी घ्यायला नको?"

तपासनिसाचा उजवा मोजा अर्धा निघाला होता, तो तसाच थांबला. त्याने टॉर्च आडवा धरून कडेला डोळा लावला. मग म्हणाला, "दोन कडा दिसतात."

धाकटा खुर्चीवर बसला. तो उभा होता हे त्याला बसल्यावर कळलं.

"पण वरच्यातून मी गुण देऊ शकत नाही," तपासनीस म्हणाला. "हे काढावं लागेल. आणि मी कापत नाही, तो आमचा नियम आहे. कापायचं ते मालकाने, मालकाच्या जबाबदारीवर. आतल्याला चीर गेली तर मी चीर लिहिणार." मग त्याने एक प्रश्न विचारला, आणि तो विचारला नसता तर बरं झालं असतं असं पुढची काही मिनिटं सगळ्यांना वाटत राहिलं. "काका, प्लॅस्टिक आवळताना आतली हवा कशी काढायचात?"

"सुईने," आप्पा म्हणाले. "हवा राहिली तर फुगा होतो. खाली एका कोपऱ्यात सुई टोचायची, गरम वारा मारायचा, की हवा निघते आणि प्लॅस्टिक बसतं."

तपासनिसाने भिंग खालच्या कोपऱ्यावर नेलं. "आहे. भोक आहे." तो मागे टेकला. "सुई किती आत गेली, प्रश्न तेवढाच."

आतल्या प्लॅस्टिकला सुईचं भोक म्हणजे गुण सहाच्या घरात, हे त्याने मृदू आवाजात समजावून सांगितलं. थोरली ऐकत होती आणि शटर परत मालकाकडे चाललं होतं.

"आत जायची नाही," आप्पा म्हणाले. "मी प्लॅस्टिक चिमटीत धरून उचलायचो आणि उचललेल्या भागात टोचायचो. आतल्या मालाला सुई लागायचीच नाही."

"नेहमी?"

आप्पा खोटं बोलत नसत. घरच्यांना याचा अनेकदा त्रास झाला होता. "नेहमी नाही," ते म्हणाले. "आधी सरळ टोचायचो. मग एकदा सुई एका बाहुलीच्या डोळ्यात गेली. डोळा आत पडला. मालकाने बाहुली माझ्या पगारातून कापली. तेव्हापासून चिमटीत."

"ती एकडोळी!" धाकटा म्हणाला. "ताई, तुझी एकडोळी. आप्पांनी घरी आणली होती."

"मग आठवा," तपासनीस म्हणाला. बोलता बोलता तो जरा पुढे सरकला होता, आणि हे त्याच्या कामात बसत नसावं. "बाहुली आधी, की हे प्लॅस्टिक आधी?"

आप्पांनी डोळे मिटले. त्यांना दुकानातल्या सगळ्या खोक्यांची मापं आठवत होती. घरातली सालं आठवत नव्हती.

"कॅसेट आधी आली," थोरली म्हणाली. "मला पक्कं आठवतं. याला कॅसेट आणली आणि मला काही नाही, म्हणून मी जेवले नव्हते. एकडोळी नंतर आली."

"संपलं," धाकटा म्हणाला.

याच क्षणी टेबलावरचा थोरलीचा फोन थरथरू लागला. टेबल थरथरलं, चादर थरथरली, खोका बोटभर कडेला सरकला. धाकट्याने झडप घालून फोन उचलला. दुकानमालक होता. "ताई कामात आहेत," धाकटा कुजबुजला. "हो. संध्याकाळपर्यंत म्हणाला होतात ना? अजून ऊन आहे की. नाही, पडदे ओढलेत म्हणून इथे दिसत नाही." त्याने फोन बंद करून स्वतःच्या खिशात घातला. "तो कव्हरवाला त्याच्यासमोर बसलाय. चहा पितोय म्हणे."

थोरलीचं लक्ष नव्हतं. ती खोक्याकडे पाहत होती.

"कॅसेट आधी आली," ती सावकाश म्हणाली, "पण प्लॅस्टिक नंतर चढवलं. आप्पा, ती बरेच दिवस कपाटात तशीच होती. मी काढायचे ना."

"कशाला काढायचीस?"

ती थांबली. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण गप्प बसली असती तर सुईचं कोडंही सुटलं नसतं, आणि हे आप्पांचंच अपत्य होतं.

"पलंग म्हणून," ती म्हणाली. "एकडोळीचा. मी तिला त्यावर झोपवायचे."

मग आप्पांचा चेहरा हळूहळू उजळला. "बरोबर," ते म्हणाले. "म्हणूनच तर! ही पोर त्याच्यावर बाहुली आपटते, म्हणून मी नेऊन जाड प्लॅस्टिक चढवलं. बाहुली आधी. म्हणजे चिमटीत."

"म्हणजे भोक नाही," धाकटा म्हणाला.

"भोक नाही," तपासनीस म्हणाला. "चरे असतील. बाहुलीला पायात बूट होते?"

"एकच होता," थोरली म्हणाली. "दुसरा यानं गिळला होता."

तपासनिसाने धाकट्याकडे नव्या नजरेने पाहिलं आणि अर्धा निघालेला मोजा परत चढवला.

कापायचं कुणी, यावर फार चर्चा झाली नाही. थोरलीकडे धागे कापायची लहान कात्री होती. पण कात्रीचं टोक घालायला वरचं प्लॅस्टिक आधी आतल्यापासून सुटं व्हायला हवं होतं, आणि ते कुठे सुटं होईल हे ज्याने चढवलं त्यालाच ठाऊक. आप्पांनी खुर्ची ओढली. त्यांचे हात कापत. चहाची बशी त्यांच्या हातात वाजायची, म्हणून त्यांना आता कपातच चहा देत. ते दोन बोटं जोडाच्या टोकाशी घेऊन गेले. बोटं थरथरत होती, थरथरत गेली, आणि प्लॅस्टिक चिमटीत आल्यावर थांबली.

"घाल," ते म्हणाले.

थोरलीने कात्रीचं टोक चिमटीखाली घातलं. धाकटा टॉर्च धरून होता. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत राहिला, बरोबर खोक्यावर. तपासनिसाने न बोलता त्याचं डोकं हाताने बाजूला केलं.

कच्. आवाज एवढासा झाला. आप्पांची चिमटी वितीभर पुढे सरकली. कच्. मागची बाजू पार झाली. आप्पांचं जाड प्लॅस्टिक कडक झालं होतं, ते उलगडताना चरचरत होतं, आणि दर चरचरीला धाकटा स्वतःलाच कापल्यासारखा तोंड वाकडं करत होता. खालून दुसरा थर दिसू लागला. पातळ, चकचकीत. मागे मधोमध आडवा जोड.

"मूळचं आहे," तपासनीस म्हणाला. आवाज मृदूच होता, पण त्यात पहिल्यांदाच माणूस सापडला.

"चौथा कोपरा," आप्पा म्हणाले.

चौथा कोपरा येईना. गरम वाऱ्याने तिथे दोन्ही थर एकमेकांत विरघळले होते. थोरलीने जरासं ओढून पाहिलं, तर आतलं प्लॅस्टिकही बरोबर उचललं गेलं.

"थांबा," तपासनीस म्हणाला. "ओढू नका."

"सुटेल," धाकटा म्हणाला. "थोडंच आहे. ताई, थोडा जोर लाव."

"सुटलं तर नऊ होतील," तपासनीस म्हणाला. "फाटलं तर पाच. तसंच ठेवलं तर नवाच्या खाली, पण किती खाली ते बघावं लागेल. निर्णय तुमचा."

थोरलीने कात्री धरलेला हात टेबलावर टेकवला. रोज तिच्याकडे बायका घट्ट झालेलं पोलकं घेऊन येत आणि म्हणत, थोडं अजून ओढा, बसेल. तिने कितीदा ओढलं होतं. आणि बसलेलं कितीदा फाटलं होतं.

"आप्पा, सोडा चिमटी," ती म्हणाली. कोपऱ्यावर नखाएवढा तुकडा ठेवून तिने भोवतीने कापलं. बाकीचं सगळं निघालं. आप्पांनी ते उचललं, चादरीच्या कडेला हाताने सपाट केलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. कामाला येईल.

तपासनिसाने भोकाची जागा पाहिली. भोक नव्हतं. मग खोका सुलटा केला. वरच्या चित्रावर, बरोबर मध्ये, बाहुलीच्या टाचेएवढ्या जागेत केसासारखे बारीक चरे होते. ती बिचारी झोपेत लाथा मारत असावी.

"साडेआठ," तो म्हणाला.

गिऱ्हाइकाला फोन लावला. तपासनिसाने कोपरा सांगितला, चरे सांगितले, बाहुली सांगितली नाही. पलीकडून बराच वेळ कुरकुर ऐकू आली. थोरलीने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "तुम्हाला तीस वर्षांची वस्तू हवी, आणि तिला तीस वर्षं झालेली दिसायला नकोत. अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात. कंबर वाढलेली असते आणि जुनंच माप घ्या म्हणतात. हो. तपासून झालंय. तुमच्याच माणसाने, नाक लावून. नाही, अर्ध्यात जमणार नाही. ठेवू का? ठेवते. बरं, मग पाऊण? त्याच्या खाली मी पुन्हा प्लॅस्टिक चढवून कपाटात ठेवीन. माझ्याकडे ते काम करणारा माणूस आहे."

आप्पांनी खिशातली घडी चाचपली.

पाऊण ठरलं. पाऊण पैशांत पाऊण दुकान येतं, हे थोरलीने मालकाच्या ओट्यावर उभं राहून त्याला पटवलं, तेव्हा ऊन खरोखरच शेवटच्या पायरीवर आलं होतं. मालक हिशोबी होता. पुढचा ओटा आणि दर्शनी फळी कव्हरवाल्याला, आतली खोली थोरलीला, मध्ये लाकडाची भिंत, दार एकच. कव्हरवाल्याने हसून नमस्कार केला. थोरलीने या वेळी केला, पण हसली नाही. दुकानात जाऊन ती अंधारात मशीनसमोर बसली आणि मशीनवरून एकदा हात फिरवला. दर्शनी फळीत ती तिचं सगळ्यात चांगलं काम लटकवत असे. आता तिथे मोबाइल लटकणार होते.

दोन आठवड्यांत तिला कळलं की ओट्यावरची गर्दी आत शिरते. मोबाइलला कव्हर चढेपर्यंत बायकांना वेळ असतो, आणि वेळ असला की त्यांना पोलक्याची आठवण होते. कव्हरवाल्याला दुसरंच काही कळलं. मोबाइलच्या काचेवर पातळ पापुद्रा चिकटवताना त्याच्या हातून हवेचे फुगे राहत. गिऱ्हाइकं तक्रार करत. लाकडी भिंतीपलीकडे रोज मुलीच्या दुकानात येऊन बसणारे आप्पा ते ऐकत राहायचे. एके दिवशी त्यांना राहवलं नाही.

आता ते ओट्यावर स्टुलावर बसतात. हात थरथरतात, पण पापुद्रा चिमटीत आला की थांबतात. सुई वापरायची नाही, असं कव्हरवाल्याने दोनदा बजावलं आहे. एकही फुगा राहत नाही. गिऱ्हाईक खूश होऊन मोबाइल खिशात घालायला निघालं की आप्पा त्याला थांबवतात आणि काळजीने विचारतात, "वरून अजून एक लावू?"